बिडावरची काच



मागच्या महिन्यात एका रविवारी खारघरहून मुलगा-सून आले होते. जेवणं उरकून आम्ही ओसरीवर बसलो होतो. सुनेने फोनवर एका भांड्याचा फोटो दाखवला. नारिंगी रंगाचं, जड झाकणाचं, आतून दुधासारखं पांढरं. "आई, पहिल्या बोनसमधून हे घेऊ का?" किंमत पाहिली, एकतीस हजार. माझ्या तोंडून निघून गेलं, "लोखंडाच्या पातेल्याला एकतीस हजार? एवढ्यात चांगला फ्रिज येतो." ती काही बोलली नाही. फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर निघाली. मला ते लागून राहिलं. घरात पहिल्यांदाच तिने मला विचारून काही घ्यायचं म्हटलं होतं आणि मी भांडं काय आहे हे न बघता किमतीवर बोलले.

सासूबाई बाजूलाच तांदूळ निवडत होत्या. वय चौऱ्याऐंशी, पण कान शाबूत. त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा बरा होता. "आत काचेसारखं काय लावलंय? त्यात हाड नाही ना?"

हा प्रश्न आपल्याकडच्या पुष्कळजणी विचारतील. आमच्या घरी एकदा लग्नाच्या आहेरात कपबश्यांचा सुरेख सेट आला होता, इतक्या पातळ की उजेडात धरल्या तर बोटं दिसायची. वर्षभर वापरल्यावर कळलं की ते बोन चायना, आणि बोन म्हणजे खरोखरीचं हाड. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात जोसाया स्पोड या कुंभाराने जनावरांच्या हाडांची राख चिनीमातीत मिसळून ही भांडी घडवली. जवळजवळ निम्मी राखच असते. तो सेट त्याच दिवशी घराबाहेर गेला. त्यामुळे सासूबाईंची शंका अगदी रास्त. तर आधी तेच सांगते: एनॅमलमध्ये हाड नसतं. वाळू, टाकणखार, सोडा, फेल्डस्पार नावाचा दगड आणि रंगासाठी धातूंची भस्मं. हे सगळं वितळवून पाण्यात ओततात, त्याचे कण होतात, ते दळून भांड्यावर फवारतात आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजतात. म्हणजे ती काचच. तुमच्या कानातल्यांवरची मीनाकारी आणि हे पातेलं, दोन्हीची जात एक. तिथे सोन्यावर, इथे बिडावर.

बिडाबद्दल मला थोडं कळतं. माझं माहेर कोल्हापूरकडचं आणि वडील शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे करायचे. संध्याकाळी घरी आले की नखांत काळी वाळू. लहानपणी त्यांनी मला लोखंड आणि बीड यातला फरक एका वाक्यात सांगितला होता: "लोखंड पडलं की वाकतं, बीड पडलं की फुटतं." बिडात कार्बन जास्त, शंभरात तीन-चार भाग. त्यामुळे ते कमी उष्णतेला वितळतं, पाण्यासारखं साच्यात वाहतं, पण ठोकून आकार देता येत नाही. म्हणून कढई लोखंडी पत्र्याची होते आणि जाड तवा बिडाचा ओततात. ते तापायला वेळ घेतं आणि तापलं की लवकर निवत नाही. डोसे-घावन बिडाच्या तव्यावर का छान सुटतात त्याचं उत्तर एवढंच.

आता या नारिंगी भांड्याचं कूळ. इंग्लंडात अब्राहम डार्बी नावाचा एक माणूस पितळेची भांडी करायचा. पितळ महाग, गरिबाला परवडत नाही, म्हणून त्याने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायची युक्ती काढली आणि १७०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मला याची गंमत वाटते. बिडाचं भांडं जन्माला आलं ते पितळ परवडत नाही म्हणून. पण बिडाला गंज चढतो आणि आंबट शिजवलं की पदार्थ काळा पडतो. त्यावर तोडगा म्हणून त्याच शतकात जर्मनीकडे आतून काच चढवायचे प्रयोग सुरू झाले. सोपं नव्हतं ते. तापल्यावर लोखंड जास्त फुगतं, काच कमी, आणि दोघांचं जुळलं नाही की काच तडकून पडते. पुढे १९२५ मध्ये दोन बेल्जियन माणसांनी, एक ओतकामातला आणि दुसरा मुलाम्यातला, उत्तर फ्रान्समधल्या फ्रेनवा-ल-ग्रां गावात कारखाना काढला. त्याचं नाव ल क्रूझे, म्हणजे धातू वितळवायची मूस. सुनेच्या फोनमधलं भांडं त्यांचंच. नारिंगी रंगही मुशीतल्या रसाचा.

हे भांडं कशासाठी केलं, हा प्रश्न मात्र विक्रीच्या जाहिरातीत कुणी विचारत नाही. युरोपातली थंडी, घर उबदार ठेवणारी चूल दिवसभर पेटलेली, आणि तिच्यात तीन-चार तास मंद शिजणारं मांस. कडक मांस मऊ व्हायला लागणारा वेळ आणि वाफ कोंडून धरणारं जड झाकण, यासाठी ते घडवलं गेलं. भांड्याचा त्यात दोष नाही. आपल्या घरी कढई आली म्हणून कुणी भजीच तळायला हवीत असं नाही. पण एकतीस हजारांतला मोठा वाटा ज्या कामाचा आहे ते काम आपल्या स्वयंपाकघरात कधी होणार नाही, हे पैसे मोजण्याआधी माहीत असावं.

आता आपल्या रस्त्याकडे येते. चौक हे गाव मुंबई-पुणे रस्त्यावरचं, मागे इर्शाळगड, वर माथेरान. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी बैलांच्या पाठीवरून माल घाट चढायचा-उतरायचा. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथेच तळ देऊन होता आणि इथूनच चढून तो माथेरानच्या पठारावर पोचला. लोक माथेरानची गोष्ट सांगताना मॅलेटचं नाव घेतात, चौकचं घेत नाहीत, ही आम्हा चौककरांची जुनी तक्रार. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे झाली आणि घाटावरचा माल खाली उतरणं सोपं झालं. सासूबाईंचं पितळी पातेलं तसंच घाट उतरून आलं, पुण्याच्या तांबट आळीतून, त्यांच्या आईच्या लग्नात. आज त्याला शंभराच्या आसपास वर्षं झाली असतील. बाहेरून ठोक्यांच्या खुणा, आतून कल्हई.

कल्हईबद्दल तरुण मैत्रिणींसाठी थोडं सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. पितळेत किंवा तांब्यात आंबट ठेवलं की कळकतं. आमटी कळकली की तोंडात विचित्र चव आणि पोटात मळमळ. म्हणून आतून कथलाचा हात. कल्हईवाला झाडाखाली खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकून कापसाने पुसायचं, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची की ते वितळून चांदीसारखं पसरतं, लगेच पाण्यात बुडवायचं. आम्ही पोरं धूर नाकात जाईपर्यंत जवळ उभी राहायचो. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं कोरडं तापवायचं नाही हे प्रत्येक बाईला ठाऊक. ती झिजायची. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा कल्हईवाला, पुन्हा नवं भांडं. शंभर वर्षांच्या पातेल्याची कातडी कितीदा बदलली असेल याचा हिशेब नाही, पण पातेलं तेच आहे.

एनॅमलची काच कथलापेक्षा किती तरी कणखर. तिला आंबट चालतं, ती झिजत नाही, वितळायला भट्टी लागते. पण एकदा टवका उडाला की उडाला. तुमच्या गल्लीत, तालुक्यात, पुण्या-मुंबईत कुणी तो भरून देणार नाही.

मला एक विचार सारखा येतो. १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभा केलेला, टिळकांचा त्याला पाठिंबा. इथून घाट चढला की तळेगाव फार दूर नाही. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि बिडाचे नांगर, चरक, कडबा कापायची यंत्रं ओतायला लागले. म्हणजे काच इथे होती, बीड इथे होतं, हुन्नर इथे होता, आणि हे सगळं ल क्रूझेच्या आधी. तरी बिडावर काच चढवलेलं पातेलं म्हणजे महाराष्ट्राच्या घराघरातली वस्तू काही झाली नाही. काचेच्या चिमण्या झाल्या, ओगल्यांचा प्रभाकर कंदील झाला, शेतीची अवजारं झाली. माझं मत असं की आपल्या बायकांना त्या भांड्याची गरजच पडली नाही. आमटीला कल्हईचं पातेलं होतं, भाकरीला तवा होता, आणि कल्हईवाला दारात येत होता.

नव्या धातूची भीती हे त्याचं कारण होतं असं मात्र मी म्हणणार नाही, जरी भीती होती. किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे. नंतर तेच नांगर गावोगाव गेले. उपयोग दिसला की आपण माणसं भीती सोडतो.

एनॅमल आपल्याकडे आलं ते पत्र्यावर. पांढरे मग, निळी काठ असलेल्या थाळ्या, दवाखान्यातले ट्रे. आमच्या घरी असा एक पांढरा मग होता आणि तो स्वयंपाकघरात नव्हता. मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असायचा. इर्शाळच्या बाजूने लाकडाच्या मोळ्या घेऊन ठाकर आणि कातकरी बाया यायच्या, त्यांना चहा त्या मगात. त्यांनीच तो विसळून परत टांगायचा. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो तिथे होता आणि मी पहिली काही वर्षं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सोवळं म्हणून आम्ही जे सांगत होतो ते आपल्या कुठल्या व्रतात बसतं हे मला आजही कुणी दाखवून द्यावं. एक दिवस नणंदेने तो मग काढून टाकला आणि सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीच पेले भरले. आज त्याच काचेच्या मुलाम्याला मॉलमध्ये दिवे लावून मांडतात तेव्हा मला तो खिळा आठवतो.

मग स्टील आलं. १९६०-७० च्या दशकांत बोहारणीने जुन्या साड्या नेल्या आणि स्टीलच्या पराती, डबे, पेले दिले. स्टीलला ना कल्हई लागते ना मुलामा. कल्हईवाल्याचं पोट त्या पेल्यांनीच मारलं, पण आपल्या हातांची घासाघीस वाचली हेही खरं. आपण एका गोष्टीसाठी हळहळतो आणि दुसरीचा फायदा रोज घेतो.

आता माझी स्वतःची चूक. पंधरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनातून मी असंच एक एनॅमलचं बिडाचं भांडं आणलं होतं, हिरवं, स्वस्तातलं. पहिल्या महिन्यात कढी अप्रतिम झाली. मग एकदा गरम असताना घाईत नळाखाली धरलं. टिक् असा आवाज आला आणि तळाशी केसासारखी चीर. पुढे तिथून नखाएवढा टवका गेला. मी तरी वापरत राहिले. त्याच सुमारास जुन्या रस्त्याने विहार करत एक महाराज आले आणि आमच्या घरी चौका लावायचं ठरलं. चौकमधला चौका म्हणून घरात हसू. पीठ ताजं दळलेलं, पाणी गाळून उकळलेलं, सगळं शोधून. मी भाजीसाठी ते हिरवं भांडं काढलं. सासूबाईंनी टवक्यावरून बोट फिरवलं आणि ते बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "इथे कालचं काय अडकलंय ते तुला दिसतं का? मग इथे जीव नाही हे कशावरून?" पितळी पातेलं निघालं. त्या एका बोटात मला भांड्यांचं सगळं शास्त्र मिळालं: जी भेग पुसता येत नाही ती स्वयंपाकात नको. त्या भेगेत नंतर गंजही धरला.

आणि बायकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रक्त कमी म्हणून डॉक्टर आपल्याला लोखंडी कढईत भाजी करा सांगतात. आपण शाकाहारी, त्यात पाळीची वर्षं, त्यात उपवास. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा आमसूल घातलेली भाजी शिजली की थोडं लोह खरंच अन्नात उतरतं. बरीचजणी समजतात की हे महागडं भांडं बिडाचं, म्हणजे लोह मिळेल. नाही मिळत. मध्ये काच आहे. ती काच घातलीच आहे लोखंडाला अन्नापासून लांब ठेवायला. लोह हवं असेल तर बाजारातली साधी लोखंडी कढई घ्या आणि भाजी झाली की लगेच काढून ठेवा, नाहीतर काळी पडते.

एनॅमलच्या बाजूनेही बोलते, नाहीतर अन्याय होईल. आमसुलाचं सार, ताकाची कढी, टोमॅटोचं सार हे त्यात निवांत होतं, चव बदलत नाही. बासुंदी मंद आचेवर त्यात चांगली आटते, तळाला सहज धरत नाही. मसालेभात झाकणाखाली असा मोकळा शिजतो की काय सांगू. पण मोठ्या आचेवर कडकडीत फोडणी त्याला मानवत नाही, लोखंडी उलथनं चालत नाही, कोरडं तापवता येत नाही. पोळी-भाकरीला उपयोग शून्य. डाळ तर आपण कुकरलाच लावतो. शिवाय वजन. मध्यम भांडं रिकामंच चार किलोच्या पुढे, भरलं की सात. माझं मनगट आत्ताच कुरकुरतं, सासूबाई तर ते हलवूही शकणार नाहीत. घ्यायचंच तर आतून फिकट रंगाचं घ्यावं, चीर लगेच दिसते. आणि अनोळखी ठिकाणची भडक लाल-पिवळी स्वस्त भांडी टाळावीत, त्या रंगांत कॅडमियमसारखे धातू वापरत आले आहेत.

हे सगळं मी पुढच्या रविवारी सुनेला सांगितलं. आधी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल चुकलं म्हटलं. ती म्हणाली, "आई, मला ते मांसाचं वगैरे माहीत नव्हतं. मला फक्त रोज संध्याकाळी सहाला घरी पोचून सूर्यास्ताआधी एका भांड्यात काहीतरी करता यावं असं वाटत होतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोकलने येऊन अंधार पडायच्या आत जेवायचं ठरवणाऱ्या मुलीची तारांबळ मी कधी अनुभवलेली नाही. पण जड भांडं तापायलाच वेळ घेतं, घाईच्या संध्याकाळी ते उपयोगाचं नाही, हे तिला पटलं.

सासूबाईंचा हिशेब वेगळा निघाला. त्यांनी तरुणपणी परिग्रहाचं परिमाण घेतलेलं आहे. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत शेवटचे दोन कुप्य आणि भांड, कापडचोपड आणि भांडीकुंडी, हे आपल्याला ठाऊक असतं पण आपण सोनं आणि जमीन एवढंच मोजतो. त्यांनी भांडी मोजली होती. नवं आलं की एक जायचं. त्या म्हणाल्या, "घ्या खुशाल. पण ते चौकला राहणार असेल तर इथलं एक उचला. कुठलं ते तुम्ही ठरवा." सुनेने फडताळासमोर उभं राहून पुष्कळ वेळ बघितलं. पितळी पातेल्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

शेवटी तिने भारतात ओतलेलं, साडेचार हजारांचं, आतून पांढरं लहान भांडं घेतलं. ते खारघरला राहतं आणि शनिवार-रविवारी निघतं. उरलेल्या पैशांतून चांगल्या जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणि बिडाचा तवा घेतला. तव्याला तेल पाजायला मी तिला शिकवलं, तीन दिवस तिच्या घरात धूर होता. पितळी पातेल्याची कल्हई पार गेली आहे. पनवेलला एक कल्हईवाला अजून बसतो असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुमच्यापैकी कर्जत-खालापूरकडच्या कुणाला आणखी जवळचा माहीत असेल तर कळवा, दशलक्षणाच्या आधी ते करून घ्यायचं आहे.